काकीची करणी

मला शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. शहापूरला एका शाळेत मराठी शिकवते, म्हणून लोक ती खोड चालवून घेतात. घरात मात्र कुणी चालवून घेत नाही. जेवताना एखादा शब्द माझ्या घशात अडकला की नवरा न बोलता ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतो. सासर माझं शेणव्याचं, आणि तिथली माणसं मुळातच मोजकं बोलणारी. माहेर मुरबाडकडं, सिद्धगडाच्या बाजूला, आणि तिथं बोलण्याला तोटा नाही. त्यामुळे माझे शब्द बहुतेक माहेराहूनच येतात, तांदळासारखे.

करणी हा असाच एक शब्द. लहानपणापासून ऐकलेला, आणि तरी मोठेपणी विचार करायला बसले तेव्हा मला हसूच आलं. एवढा भयंकर प्रकार, आणि त्याला शब्द काय, तर करणी! म्हणजे केलेलं काम. स्वयंपाक ही करणी, देवळाला रंग दिला ती करणी, जुन्या मराठीत तर माणसाच्या चांगल्या कर्तबगारीलाही करणी म्हणत. भीती घालणारं त्या शब्दात काहीच नाही. बाकीचे शब्द निदान काही सांगतात तरी. मूठ मारणे म्हटलं की मुठीत धरलेले मंतरलेले उडीद डोळ्यांसमोर येतात. जादू फारसीतून आली, आणि वेदांत जो यातु नावाचा शब्द आहे तो तिचा दूरचा नातेवाईक. कधीकाळी एका घरातले असावेत, मग एक इराणात राहिला, एक इकडे आला, आणि हजारो वर्षांनी आपल्या ओट्यावर दोघांची गाठ पडली. काळी जादू तर अगदी परवाची, वर्तमानपत्रातली. आमच्या गावात कुणी कुणावर काळी जादू केल्याचं मी ऐकलेलं नाही. करतात ती करणी.

आणि गंमत म्हणजे तोही शब्द मोठ्यानं उच्चारत नाहीत. 'तिनं केलंय', एवढंच म्हणतात. काय केलंय ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. मी ज्या गोष्टीबद्दल सांगणार आहे ती अशीच एका 'केलंय'ची आहे, आणि केलं होतं असं म्हणायचे ते माझ्या काकीनं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे काकीच. सगळं गाव तिला काकी म्हणतं, तिच्या वयाच्या बायासुद्धा. दोन मुलं कल्याणला नोकरीला, तिकडेच बिऱ्हाडं. घरी ती, काका, एक म्हैस आणि काही कोंबड्या. काका दिवसभरात मोजकेच शब्द वापरतात, आणि उरलेले सगळे काकीला देऊन टाकतात. काकीचा आवाज असा, की ती परसात कोंबड्यांना हाक मारते तेव्हा रस्त्यावरची एसटी थांबेल की काय वाटतं.

हा आवाज वाया जाऊ नये म्हणून देवानं तिला धवलारीण केलं. आमच्याकडे लग्नात धवळे म्हणतात, म्हणजे लग्नाच्या प्रत्येक विधीचं एकेक गाणं. हळद दळताना वेगळं, लावताना वेगळं, नवरी निघताना वेगळं. ती सांगणारी बाई ती धवलारीण. भटजी येतो आणि जातो, पण धवलारणीनं पहिली ओळ उचलल्याशिवाय हळदीला हात लावत नाहीत. हळदीच्या आधी नवरीची आई सुपात तांदूळ आणि वर सुपारी ठेवून तिच्या दारी येते. ही सुपारी आली की लग्न खऱ्या अर्थानं सुरू झालं. काकीकडे अशा किती सुपाऱ्या आल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी, ज्या सुपारीची ती वाट बघत होती ती मात्र वेगळी होती. शेजारच्या घरची मुलगी. मधे फक्त एक बोळ. काकीला मुलगी नाही, आणि त्या मुलीच्या आईला, आम्ही तिला वहिनी म्हणतो, शेतावर जायचं असलं की मुलगी काकीच्या ओट्यावर. तिथंच ती रांगली, तिथंच पाढे पाठ केले, पुढं नर्सिंगला गेली तेव्हा पहिलं इंजेक्शन टोचायलाही ती काकीचाच दंड मागत होती. एकदा तिचं जमलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हा वहिनी जितकी रडली तितकीच काकीही. आता पुन्हा जमलं होतं, मिरगाच्या आधीचा शेवटचा मुहूर्त धरला होता, आणि काकीनं थंड पाणी पिणं सोडून तोंडात ज्येष्ठमध धरायला सुरुवात केली होती. माझी शाळेला सुट्टी, म्हणून मी काकीकडेच होते.

आता भाताकडे येते, कारण भांडण भातातूनच निघालं.

गावात हल्ली बहुतेक लोक दुकानातून पिशवीबंद बियाणं आणतात. काकी आणत नाही. तिचं घरचं बी, तिचा घरचा कणगा. कधीतरी पंचायतीत शेतकी खात्याचे साहेब आले होते, त्यांनी सांगितलं, बी मिठाच्या पाण्यात टाका, पोकळ दाणे वर येतात ते काढून टाका, भरीव तेवढे पेरा. मीठ किती, ते त्यांनी वजनात सांगितलं. काकीला वजनकाट्याशी झटापट करायची नव्हती. तिनं पंचायतीत शेजारी बसलेल्या बाईकडून दुसरी खूण उचलली: पाण्यात मीठ टाकत जायचं आणि अंडं सोडायचं. अंडं तरंगलं की पाणी झालं. साहेबांनाही हे चाललं असतं, त्यांना कुणी विचारलं नाही इतकंच.

तर काकीनं शेताच्या कडेला घमेल्यात बी भिजवलं, पोकळ दाणे गाळून घेतले, आणि खारं पाणी शेतात नको म्हणून तीन बांध जिथं मिळतात त्या कोपऱ्यात ओतलं. तिथं तसंही काही उगवत नाही. दाणे कोंबड्यांना न्यावेत म्हणून पळसाच्या पानावर काढून ठेवले, त्यावर अंडं ठेवलं. तेवढ्यात घरून म्हैस सुटल्याची हाक आली. काकी धावली. मीही तिच्या मागे धावले. म्हैस सापडली, पान आणि अंडं दोघींच्याही डोक्यातून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तिच्या शेतावर जाताना त्या कोपऱ्यावर आली. तिला काय दिसलं बघा. तीन वाटांचा तिठा. पळसाचं पान. पानावर भात. भातावर अंडं, तेही काळ्या कोंबडीचं, हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. आणि भोवतीनं वाळलेल्या मिठाची पांढरी कड, हातानं आखल्यासारखी. मी तिच्या जागी असते तर मीही ओरडले असते, आणि माझ्याकडे तर एवढे शब्दकोश आहेत.

अंड्याला कुणी हात लावला नाही. ते गावातल्या एका लंगड्या कुत्र्यानं खाल्लं. दुपारपर्यंत गावभर झालं की अंडं खाल्लं आणि कुत्रं लंगडायला लागलं. कुत्रं जन्मापासून लंगडत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दुपारी कुणालाच आठवलं नाही.

वहिनी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. ती पलीकडच्या गावच्या भगताकडे गेली. भगतानं तांदळाचे दाणे टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं, जवळच्याच बाईचं काम आहे. भगताचं मला नेहमी कौतुक वाटतं. जगात असा कोण आहे ज्याच्या जवळ एकही बाई नाही? पण वहिनीला ते अंडं कुणाच्या शेताच्या कडेला होतं ते माहीत होतं. पहिलं लग्न मोडल्याची धास्ती तिच्या पोटात होतीच. तिनं दोन्हीची गाठ मारली.

आणि सुपारी आली नाही.

आज येईल, म्हणून काकीनं ओटा सारवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवला. पेटीतलं हिरवं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. बोळापलीकडे मांडवाच्या मेढी उभ्या राहिल्या, आंब्याचे टहाळे आले, आणि आमच्याकडे कुणी फिरकेना. नळावर काकी गेली की बाया एकदम हंड्यांकडे बघायला लागायच्या. काकी दोन दिवस मला आणि म्हशीला सोडून कुणाशी धड बोलली नाही, आणि म्हशीशी ती जास्त गोड बोलत होती.

शेवटी बातमी काकांनी आणली, नाक्यावरच्या टपरीवरून. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू केलंस म्हणं."

"काय केलं?"

"पोरीवर. शेजारच्या."

काकी आधी मोठ्यांदा हसली. मग अंड्याचं सगळं ऐकलं, आणखी हसली, पदर तोंडाला लावला. मग एकदम थांबली. मी तिला कधी अशी थांबलेली पाहिली नव्हती. ती भाकरीच्या पिठात हात घालून नुसती बसून राहिली.

मी म्हटलं, "अगं जा ना, सांग जाऊन. एका मिनिटाचं काम आहे."

"मी नाय जायची."

"का?"

"त्या आल्या असत्या, विचारलं असतं, तर हसत सांगितलं असतं. नाय आल्या. आता मी दारात जाऊन सांगू, मी चेटकीण नाय म्हणून? कोणत्या तोंडानं सांगू गो?"

मला तिचं म्हणणं पटलं आणि रागही आला. राग आला की मी शिकवायला लागते. नवऱ्याला हे माहीत आहे, विद्यार्थ्यांना माहीत आहे, वहिनीच्या ओट्यावर त्या संध्याकाळी तांदूळ निवडत बसलेल्या बायांना मात्र माहीत नव्हतं.

मी सुरुवात चांगली केली, हे मी आजही म्हणेन. मीठ, अंडं, पोकळ दाणे, म्हैस, सगळं क्रमानं सांगितलं. बाया ऐकत होत्या. वहिनी खाली मान घालून खडे वेचत होती, पण तिचा हात मंद झाला होता. एक-दोघी म्हणाल्याही, "असं होय?" तिथं मी उठले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण एका कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "चेटूक करणारी कधी कबूल थोडीच करते."

चेटूक! हा शब्द माझ्यासमोर टाकणं म्हणजे मांजरापुढे सुकट टाकणं. मी मांडी ठोकली आणि सुरू झाले. म्हटलं, तुम्हाला माहीत तरी आहे का चेटूक म्हणजे काय? संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटक म्हणजे चाकर. जुन्या लोकांची समजूत अशी होती, की मांत्रिक एखाद्या भुताला वश करून नोकरासारखं राबवून घेतो. तो राबणारा तो चेटूक. आणि असा चाकर जिच्याकडे ती चेटकीण. म्हणजे बघा, मूळ शब्दात वाईट असं काहीच नाही, नुसता एक बिचारा गडी आहे!

मी खूश होऊन सगळ्यांकडे पाहिलं. वर्गात या ठिकाणी थोडं हसू येतं.

एक म्हातारी, जी इतका वेळ डुलक्या घेत होती, तिनं डोळे उघडले. "म्हंजे कामं करणारा?"

"हो."

"आनि तो दिसत नाय?"

"नाही, म्हणजे तशी समजूत होती."

"पगार पन नाय?"

"पगार कसला आजी, भूत ते."

म्हातारीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तिच्या शेजारणीकडे. "तरीच," म्हातारी म्हणाली. "तरीच मी म्हंते, पोरं कल्यानला, म्हातारा हा असा, आनि हिची आवनी सगळ्या गावाच्या आधी उरकते कशी."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. काकीची आवणी गावात पहिली उरकते हे खरं आहे, कारण ती पहाटेच चिखलात उतरते आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. मी तसं सांगायला लागले, पण माझं आता कोण ऐकतंय. सगळ्यांना एकदम काकीच्या कितीतरी गोष्टी आठवायला लागल्या. तिच्या अंगणात पाचोळा कसा नसतो. तिची पातेली-भांडी कशी लख्ख. तिची वालाची शेंग नेहमी आधी कशी येते. मी आले तेव्हा काकीवर एका अंड्याचा आळ होता. मी उठले तेव्हा तिच्या पदरी एक बिनपगारी गडी होता.

घरी येऊन मी काकीला काही बोलले नाही. काकांना मात्र हे कळायचं ते टपरीवर कळलंच. आणि त्यांनी ते सांगायला मुहूर्त कोणता निवडावा, तर हळदीच्या दिवशीची सकाळ. बोळापलीकडे मांडव भरला होता. मोठा स्पीकर लावला होता, त्यावर काहीतरी धडधडत होतं, कारण धवळे सांगायला कुणी नव्हतं. काकी ओट्यावर मांडवाकडे पाठ करून वालाचं बिरडं सोलत होती. हिरवं लुगडं परत पेटीत गेलं होतं. मी तिच्याजवळ बसले होते, आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

तेवढ्यात स्पीकरची लाईट गेली. सगळीकडे एकदम शांत झालं. काका चहा पीत होते. त्यांना ती शांतता बहुधा बोलायला योग्य वाटली.

"तू गडी ठेवलायस म्हणं," ते म्हणाले. "भुताचा. मास्तरीन सांगत होती."

काकीनं बिरडं खाली ठेवलं. सावकाश माझ्याकडे वळली. आणि मग तिनं तोंड उघडलं.

"गडी? माझ्याकडं गडी? तू सांगितलंस जाऊन? शिकली म्हनून तुला शहापूरला धाडली, ती ह्यासाठी? अगो ह्या हातांना बग, ह्या! बिनपगारी गडी ह्या घरात एकच हाय, ती मी! आनि हे बग माझं भूत, चा पितंय! कपसुद्धा विसळत नाय!"

काकांनी कपाकडे पाहिलं. उठून ते तो विसळायला गेले, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

काकी थांबली नाही. माझी शाळा, माझे शब्दकोश, माझा नवरा, तो कसा गरीब गायीसारखा आहे आणि मी कशी आहे, सगळं निघालं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. खरं तर ती माझ्यावर ओरडतच नव्हती, आणि मला ते कळत होतं, म्हणून मी नुसती ऐकून घेत होते. तो आवाज बोळ ओलांडून मांडवात गेला, मांडवातून पलीकडच्या आळीत गेला. लाईट नव्हती, त्यामुळे त्याला अडवायला काहीच नव्हतं.

आणि मांडवात पाटावर नवरी बसली होती. तिला आईनं सांगितलं होतं, काकीचा घसा बसलाय, आवाजच फुटत नाही, म्हणून नाही आली.

आमच्याकडे हळद लागलेली नवरी मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही. वाऱ्याची भीती, नजरेची भीती, आणि हो, करणीची भीती. हातात अडकित्ता देऊन तिला बसवून ठेवतात. ती पोरगी अडकित्त्यासकट उठली. कपाळापासून पावलांपर्यंत पिवळी, अंगावर जुनी साडी, पायात काही नाही, आणि ती सरळ बोळ ओलांडून आमच्या अंगणात आली. मागून बाया धावल्या, "अगो थांब, अगो उन्हाची, अगो बाहेर नको," करत. अंगणाच्या कडेला येऊन मात्र सगळ्या थबकल्या. जणू तिथं कुणी दोरी बांधली होती. सगळ्यांच्या पुढं वहिनी होती.

काकीचं तोंड अर्ध्या शिवीवर तसंच उघडं राहिलं.

"तुझा घसा बसलाय ना?" नवरी म्हणाली.

"माझा?"

"आई म्हनली."

काकीनं अंगणाच्या कडेला पाहिलं. वहिनीनं नजर खाली घातली.

"घसा बरा हाय गो माझा," काकी म्हणाली. इतक्या हळू, की मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "मला बोलावलं नाय कुणी."

"का नाय बोलावलं?"

मला उत्तर माहीत होतं, मिठापासून चेटकापर्यंत सगळं, आणि मी ओठ घट्ट मिटून बसले. त्या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं एवढंच एक चांगलं काम.

नवरीनं आईकडे पाहिलं, मागच्या बायांकडे पाहिलं. नर्सिंग शिकलेली पोरगी, तिला कुणाच्या तोंडावरून काय दुखतंय ते ओळखता येत असावं. ती ओट्याच्या पायरीवर, भर उन्हात, काकीच्या पायाशी जाऊन बसली. "मंग मी पन हितंच," ती म्हणाली. अडकित्ता मांडीवर ठेवला.

काकी तिच्या डोक्याला हात लावायला गेली आणि मधेच थांबली. हात तसाच हवेत राहिला. सगळं गाव बघत होतं, आणि त्या हाताचं काय होईल हे बघायलाच जणू सगळ्या जमल्या होत्या. मला रडू यायला लागलं आणि रागही, त्या प्रत्येकीचा, माझ्यासकट. ज्या हातानं पोरीला न्हाऊ घातलं, तोच हात तिच्या केसांवर ठेवायला काकीला आता विचार करावा लागत होता. करणी करणी म्हणतात ती हीच असावी, आणि तिला ना अंडं लागतं ना मंत्र.

काकीनं हात मागं घेतला आणि वहिनीशी बोलली. ओरडून नाही. "म्हसा गावच्या जत्रेत हिला खांद्यावर घेऊन हिंडवली मी. तू मागं पिशव्या घेऊन चालत व्हतीस. तुला आठवत नाय? एकदा इचारायचं तरी व्हतंस. 'काकी, ते काय व्हतं गो,' एवढंच. दार काय लांब व्हतं तुला?"

वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. "भ्याले मी, काकी," ती म्हणाली. "पयलं मोडलं तवापासनं मला झोपच नाय. पान पडलं तरी वाटतं, काय तरी झालं. कुनाला तरी धरायचं व्हतं मला. तुला धरलं. तू जवळ व्हतीस."

नवरीच्या कपाळावरची हळद उन्हानं वाळून तडकायला लागली होती, आणि तिच्या पापण्यांवर घाम आला होता. मला वाटलं, आता काकी उठून आत जाईल आणि दार लावेल, आणि तिनं लावलं असतं तर मी तिला चूक म्हटलं नसतं.

वहिनीनं डोळे पुसले. पुढं पाऊल टाकलं, आणि एकदा टाकल्यावर थांबली नाही. सारवलेल्या अंगणातून चालत ती ओट्यापर्यंत आली. सूप नव्हतं, तांदूळ नव्हते, सुपारी नव्हती. तिनं आपल्या हळदीच्या पोरीचा हात धरला आणि तो काकीच्या हातात दिला.

"ऊन लागतंय तिला, काकी," ती म्हणाली. "तुझ्या घरात घे तिला."

काकीनं तो हात धरला. मग उठली, पोरीला उठवलं, आणि उंबऱ्याशी जाऊन मागं वळली. "तू पन ये," ती वहिनीला म्हणाली. "बाहेर काय उभी ऱ्हातेस?"

मग आम्ही सगळ्याच आत गेलो, मांडवातल्या झाडून सगळ्या बाया. काकीचा स्वयंपाकघरातला पाट ओढून नवरीला बसवलं, कुणीतरी मांडवातून हळदीचं ताट आणलं. काकी तिच्या समोर बसली, बोटं हळदीत बुडवली आणि पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. एवढ्या लग्नांत असं कधी झालं नव्हतं, आणि काय करावं ते कुणालाच कळेना.

तेव्हा वहिनीनं ती ओळ उचलली. तिचा आवाज बेसूर आहे, ती कधी गात नाही, पण काकीच्या शेजारी राहून तिला सगळं पाठ होतं. दुसऱ्या ओळीला काकी तिच्यात मिसळली.